पाच तासांचा टॉवर

चीनच्या हेनान प्रांतावर 20 जुलै 2021 रोजी आभाळ फाटलं. झेंगझोऊ शहरात चार ते पाच या एकाच तासात 201.9 मिलिमीटर पाऊस झाला. शेजारच्या गोंगयीतल्या मिहे गावाचा रस्ता गेला, वीज गेली, पाठोपाठ मोबाइलही. दुसऱ्या दिवशी तिथे एका ड्रोनने पाळी केली, तिची ही नोंद.

दुपारी 2.22. ग्वीझौ प्रांतातल्या आनशुनहून विंग लूंग-2एच उडालं. लग्नात डोक्यावर भिरभिरतं तसलं हे प्रकरण नाही. पंखांचा पसारा वीस मीटरच्या वर, मूळ घडण लष्करी. पुढचे चार तास नुसता प्रवास.

संध्याकाळी 6.21. मिहेच्या डोक्यावर घिरट्या सुरू. ड्रोनमध्ये मोबाइलचं बेस स्टेशन; खालच्या फोनचा सिग्नल ते उचलतं आणि उपग्रहामार्फत बाहेरच्या जगाला जोडून देतं. आवाका सुमारे 50 चौरस किलोमीटर. सोबतचं रडार ढगांआडूनही जमीन टिपतं. बातम्यांना अशी चित्रं फार आवडतात. पण कोणतं घर बुडालं एवढंच त्यातून कळतं. माळ्यावर कुणी आहे का, हे तिथल्या माणसानेच सांगावं लागतं. म्हणून या पाळीतलं खरं काम बेस स्टेशनचं, असं मला वाटतं.

चायना मोबाइलच्या ग्राहकांना एसएमएस गेला : नेटवर्क पाचच तास राहील, लवकर खुशाली कळवा. मुदत आधीच सांगून टाकली, हे उत्तम केलं.

रात्री 8. तोवर 2,572 जण जोडले गेले होते. एका वेळी जास्तीत जास्त 648. डेटा खर्च झाला 1,089.89 एमबी. माणशी अर्धा एमबीसुद्धा नाही! सगळ्यांचा मिळून झाला तेवढा आपण एक सिनेमा उतरवून घेताना उडवतो.

मुदत सरली आणि पाळी संपली. लगेच 22 जुलैला आपलं चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्यात गेलं. तिथेही फोन बंद पडले आणि बाहेरगावचे नातेवाईक नुसते नंबर फिरवत राहिले.

पुरात अडकलात तर रेंजची वाट पाहत बॅटरी संपवू नका. पत्ता, माणसं किती, पाणी कुठवर, कुणी आजारी आहे का, एवढा एसएमएस लिहून तयार ठेवा. कमी रेंजमध्ये फोन लागत नाही तेव्हाही एसएमएस बऱ्याचदा जातो.