कलेची विद्यापीठे (लेखांक ५) : वर्गात कोणी बसायचे?

केरळ कलामंडलम स्थापन करणारा माणूस बहिरा होता. मलयाळमचे महाकवी वळ्ळत्तोळ नारायण मेनन यांची श्रवणशक्ती ऐन उमेदीत गेली. त्या दुःखावर त्यांनी ‘बधिरविलापम्’ नावाचे काव्यही लिहिले. चेंडा-मद्दळमचा कडकडाट आणि दोन गायकांची पदे यांवर कथकळी उभी असते. ती वाचवायला निघालेल्या माणसाला त्यातले काही ऐकूच येत नव्हते. तो नुसते पाहत होता. पण कथकळीचा नट रंगमंचावर शब्द उच्चारत नाही, हातांच्या मुद्रांनी आणि डोळ्यांनी बोलतो, हे लक्षात घेतले की यातले नवल कमी होते.

गेल्या आठवड्यात आपण खैरागढला होतो. तिथे राजघराण्याने विद्यापीठासाठी आपला राजवाडाच दिला आणि पुढे भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर मुंबई-लखनौ मागे टाकून तिथे कुलगुरू झाले. कलामंडलमची सुरुवात इतकी ऐटबाज नव्हती. मुंबईहून नेत्रावती एक्सप्रेसने निघालेला प्रवासी शोरनूर जंक्शनला उतरला की भारतप्पुळा नदीच्या पल्याड चेरुतुरुत्ती लागते. आज संस्था आहे ती इथे. १९३० मध्ये ती कुन्नमकुळमजवळ सुरू झाली तेव्हा वळ्ळत्तोळ आणि त्यांचे मित्र मणक्कुळम मुकुंदराजा यांनी पैसा उभा केला तो लॉटरीची तिकिटे विकून. १९४१ मध्ये ती कोचीन संस्थानच्या सरकारने आपल्याकडे घेतली आणि पुढे केरळ राज्याकडे आली. २००६ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. लॉटरी, संस्थान, राज्य सरकार, विद्यापीठ अनुदान आयोग: या चार पायऱ्या म्हटल्या तर प्रशासकीय तपशील आहेत. पण कला कोणाच्या मालकीची, हा प्रश्न प्रत्येक पायरीवर नव्याने विचारला गेला, आणि मला या संस्थेत रस आहे तो त्यासाठी.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत कथकळीचे मेळे पोसले जात ते देवळे, नंबूतिरी ब्राह्मणांची घरे आणि जमीनदार यांच्याकडून. जमीन डळमळू लागली तसे मेळेही मोडू लागले. नट म्हातारे होत होते आणि त्यांच्या हाताखाली सहा-आठ वर्षे घासायला नवी मुले येईनात. आपल्याकडच्या तमाशाच्या फडांनी पाहिलेलीच ही परिस्थिती. वळ्ळत्तोळांनी पट्टिक्कांतोडी रावुण्णी मेनन यांच्यासारख्या कडक गुरूला आणून बसवले आणि ठरलेल्या वेळेचा वर्ग सुरू केला. आज इतके साधे वाटणारे हे काम तेव्हा मोठे होते. विद्या एका घराच्या ओसरीवरून उठून पाटीवर नाव असलेल्या इमारतीत आली.

मात्र इमारतीत आली म्हणून ती सौम्य झाली नाही. कथकळीच्या विद्यार्थ्याचा दिवस अजूनही उजाडण्यापूर्वी सुरू होतो. आधी डोळ्यांचा व्यायाम: बुबुळे आठ दिशांना, संथ आणि मग जलद, वर्षानुवर्षे. पावसाळ्यात अंगाला तेल चोळून मुलाला जमिनीवर पालथे झोपवतात आणि गुरू आधाराला धरून पायाने त्याचे अंग रगडतात. त्याला उळिच्चिल म्हणतात. मांड्या उघडाव्यात, कंबर खाली बसावी, तळपायाच्या कडेवर तोल धरता यावा, यासाठी हा खटाटोप. शालेय वयाची मुले आठवीपासून येतात; सकाळी कळरीत, म्हणजे तालमीच्या दालनात, घाम गाळायचा आणि नंतर इतर मुलांसारखे गणित-भूगोल. मला हे वेळापत्रक भयंकर वाटते, आणि रंगमंचावर त्याचे फळ पाहिले की ते कमी करा असे म्हणण्याची हिंमतही होत नाही.

शिकून बाहेर पडलेला कलावंत आपल्या नावाआधी संस्थेचे नाव लावतो. कलामंडलम गोपी, कलामंडलम कृष्णन नायर, कलामंडलम क्षेमावती. यात जात पुसली गेली असे मात्र समजू नये. ‘नायर’ आहे तिथेच आहे, फक्त त्याच्याआधी दुसरे घराणे येऊन बसले. आणि या घराण्यात जन्माने शिरता येत नाही, प्रवेश घ्यावा लागतो.

तो प्रवेश कोणाला द्यायचा, हा खरा इतिहास. कूडियाट्टम हे संस्कृत नाटकाचे जिवंत उरलेले रूप. ते चाक्यार कुटुंबांचे; त्यातला मिळाव हा मोठा वाद्यघट नंबियारांचा, आणि स्त्रीभूमिका नंग्यार स्त्रियांच्या. जागा देवळातली. १९६५ मध्ये कलामंडलमने हा वर्ग उघडला तेव्हा पैंकुळम राम चाक्यार गुरू म्हणून आले आणि आपल्या कुटुंबाबाहेरच्या मुलांना शिकवू लागले. शिवन नंबूतिरी त्यांतले पहिले. काही वर्षांनी गिरिजा आल्या. नंग्यार घरात न जन्मता कूडियाट्टम शिकलेल्या त्या पहिल्या स्त्री. २००१ मध्ये युनेस्कोने या नाट्यप्रकाराला मानवजातीचा वारसा म्हणून गौरवले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण गौरव करायला काही उरले होते, त्यात १९६५च्या त्या वर्गाचा वाटा मोठा. राम चाक्यारांना स्वतःच्या लोकांकडून काय ऐकावे लागले असेल याची कल्पना मराठी वाचकाला करून द्यायला नको.

त्याच्याही आधी, १९५७ मध्ये, हैदरअली नावाचा एक गरीब मुसलमान मुलगा कथकळीचे गायन शिकायला दाखल झाला होता. नळ-दमयंती, कीचकवध, दुर्योधनवध यांची पदे गात तो मोठा गायक झाला. अडचण अशी की कथकळीचे रात्रभराचे खेळ देवळाच्या आवारात होतात आणि तिथे त्याला पाऊल टाकता येत नसे. हरिप्पाडच्या देवळात रंगमंच भिंतीपलीकडे वाढवून त्याला आवाराबाहेर उभे राहून गायला लावले, ही हकिकत केरळात अजून सांगतात. सरकारी संस्थेची ताकद आणि मर्यादा या एका प्रसंगात दोन्ही दिसतात: तिने गायक घडवला, पण देऊळ तिच्या ताब्यात नव्हते.

मुलींच्या बाबतीत संस्थेला देवळाचे निमित्त सांगता येणार नाही. रागिणी देवी ही अमेरिकन नर्तकी १९३०च्या दशकात इथे कथकळी शिकून गेली. पुढेही परदेशी स्त्रिया छोट्या अभ्यासक्रमांना येत राहिल्या. केरळच्या शाळकरी मुलींना कथकळीच्या नियमित वर्गात प्रवेश मिळाला तो २०२१ मध्ये. नव्वद वर्षे! ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या एका मुसलमान विद्यार्थिनीचे कथकळीतले रंगमंच-पदार्पण झाले, तेव्हा हैदरअलींची आठवण निघणे अटळ होते.

मोहिनीआट्टमची दारे उलट्या बाजूने बंद होती. तो नाच बदनाम झाला होता, मुली मिळत नव्हत्या, वर्ग मध्ये बंदही पडला; १९५० मध्ये चिन्नम्मू अम्मांना आणून तो पुन्हा उभा केला. या भागात एक खरा मुंबईचा धागा आहे. कनक रेळे यांनी १९७०च्या सुमारास केरळात जाऊन चिन्नम्मू अम्मा, कुंजुकुट्टी अम्मा आणि कल्याणीकुट्टी अम्मा या जुन्या जाणत्यांचे नृत्य चित्रित करून घेतले, त्यावर मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली आणि नालंदा नृत्यकला महाविद्यालयातून हा नाच मुंबईकर मुलींपर्यंत आणला. चेरुतुरुत्तीत शिकवला जाणारा बाज आणि रेळ्यांचा बाज वेगळा, आणि ते बरेच झाले. एकाच कुलगुरूच्या सहीने चालणारे नृत्य लवकर सुकते.

मार्च २०२४ मध्ये नावाआधी ‘कलामंडलम’ लावणाऱ्या एका नर्तकीने पुरुषांच्या मोहिनीआट्टमवर आणि त्यांच्या वर्णावर जाहीर शेरे मारले. रोख आर. एल. व्ही. रामकृष्णन या दलित नर्तकाकडे होता. संस्थेने हात झटकले, रामकृष्णन यांना नाचायला बोलावले आणि त्याच महिन्यात मोहिनीआट्टमचा वर्ग मुलांना खुला केला. पुढच्या वर्षी रामकृष्णन तिथेच भरतनाट्यमचे सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झाले. समाजात गदारोळ उठल्याशिवाय संस्थेला जाग येत नाही, अशी टीका कोणी करेल, आणि ती रास्त आहे. पण गदारोळ झाल्यावर कोणाकडे तरी बोट दाखवून ‘नियम बदला’ म्हणता आले, हेही पाहावे. खासगी गुरूच्या बैठकीत असे कोणाला म्हणता येत नाही.

२०२४च्याच जुलैत कलामंडलमच्या वसतिगृहात प्रथमच चिकन बिर्याणी वाढली गेली. आली कुठून, तर विय्यूरच्या मध्यवर्ती तुरुंगाच्या स्वयंपाकघरातून! तेलाच्या उपचारांच्या दिवसांत मांसाहार चालत नाही, असे काही शिक्षकांचे म्हणणे पडले. मुलांनी बहुधा चर्चा संपायच्या आत ताटे संपवली.

आता पैशाचे. सरकारी अनुदानावर चालणे म्हणजे सरकारच्या खिशाकडे पाहत बसणे. नोव्हेंबर २०२४च्या अखेरीस तिजोरीत पैसा नाही म्हणून शंभराहून अधिक हंगामी शिक्षक-कर्मचाऱ्यांना एका आदेशाने काढण्यात आले. ओरड झाली आणि सरकारने मध्ये पडून आदेश मागे घ्यायला लावला. चुट्टीकार, म्हणजे चेहऱ्यावर तांदळाच्या पिठीची ती पांढरी कड तासन्‌तास बसवणारा कारागीर, बाजारात सहज मिळत नाही. त्याला एका महिन्यात काढून पुढच्या महिन्यात दुसरा घेता येत नाही. शिवाय पैशाबरोबर राजकारण येते. राज्यपालांना दूर करून डिसेंबर २०२२ मध्ये मल्लिका साराभाईंना कुलपती नेमले, ते राज्यपाल आणि डाव्या सरकारच्या भांडणात. २०२५ मध्ये मानधनासाठी आंदोलन करणाऱ्या आशा कार्यकर्त्यांची बाजू साराभाईंनी घेतली, तेव्हा कुलपतीला मनातले बोलण्याची किती मुभा असते याचा अनुभव त्यांना आला आणि त्यांनी तो उघडपणे लिहिलाही.

मुंबईच्या सर ज. जी. कलामहाविद्यालयाला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तेव्हा आपल्याकडे चर्चा झाली ती मुख्यतः स्वायत्तता आणि शुल्काची. प्रवेशाच्या यादीत कोणत्या गावांची, कोणत्या घरांची मुले येतील, हे कमी जणांनी विचारले. पुढच्या आठवड्यात बडोद्याला जाऊ, तेव्हा तो प्रश्न नारायण श्रीधर बेंद्र्यांच्या वर्गात बसून विचारता येईल.