हिरवं पाणी, पांढरी पावडर

लोणावळा, कर्जत, अलिबाग, मुळशी, इगतपुरी या पट्ट्यात शनिवार-रविवारी भाड्याने द्यायचे बंगले उभे राहिले आहेत. त्यातल्या अनेकांना स्वतःचा छोटा स्विमिंग पूल असतो. मालक मुंबई-पुण्याला राहतो. पुलाची देखभाल करतात ती जवळच्या वाडी-वस्तीवरची माणसं, बऱ्याचदा नवरा-बायको मिळून. झाडलोट, बाग, पाहुण्यांचं जेवण, आणि त्यातच पूल. पुलात काय टाकायचं, किती टाकायचं हे त्यांना कुणी शिकवत नाही. दुकानदार डबा देतो, डब्यावरचा मजकूर इंग्रजीत असतो. "ताई, पाणी हिरवं झालं की पावडर टाकायची, एवढंच सांगितलंय," असं मला कितीतरी जणांनी सांगितलं आहे. या वेळचं पान त्यांच्यासाठी आहे. सुट्टीत लेकरांना घेऊन अशा पुलात उतरणाऱ्यांनीही ते वाचावं.

पाणी हिरवं होतं ते शेवाळामुळे. पुलातलं नेहमीचं हिरवं शेवाळ अंगाला लागलं म्हणून लगेच कुणी आजारी पडत नाही. पण पाण्यातलं क्लोरीन संपलं आहे, हे ते ओरडून सांगत असतं. जिथे शेवाळ मजेत वाढतं, तिथे जुलाबाचे, कानाच्या आणि कातडीच्या आजाराचे जंतूही वाढू शकतात. केरळमध्ये 2024 साली अमिबामुळे होणाऱ्या मेंदूच्या आजाराने मुलं दगावली. तो अमिबा पाणी प्यायल्याने नव्हे, नाकातून आत शिरतो, आणि पुरेसं क्लोरीन असलेल्या पाण्यात तो टिकत नाही. असा आजार फार क्वचित होतो. त्याहून मोठा आणि रोजचा धोका साधा आहे: हिरव्या, गढूळ पाण्यात तळ दिसत नाही. बुडालेलं पोर दोन हातांवर असलं तरी दिसत नाही. म्हणून तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल तर पूल बंद, मग पाहुणे कितीही रागावोत.

आता पावडरीकडे येऊ. क्लोरीन टाकूनही पाणी हिरवंच राहतं, मग माणूस आणखी टाकतो, तरी फरक पडत नाही. याचं कारण बहुतेक वेळा पीएच असतं. पीएच म्हणजे पाणी आंबट आहे की खारट-सोड्यासारखं, याचं माप. पुलासाठी ते 7.2 ते 7.8 च्या मध्ये हवं. पीएच 7.5 असेल तर टाकलेल्या क्लोरीनपैकी साधारण निम्मं जोरकस रूपात असतं आणि तेच जंतू मारतं. पीएच 8 झालं की हा वाटा पाव हिश्श्यावर येतो, 8.5 झालं की दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पैसे पूर्ण डब्याचे आणि काम चमचाभर. बोअरचं पाणी, ब्लीचिंग पावडर, सिमेंटचा नवा गिलावा ही सगळी पीएच वर चढवणारी मंडळी.

हे मोजायला थेंबांचं टेस्ट किट मिळतं. एका नळीत लाल द्रवाचे थेंब टाकून पीएच बघायचं, दुसरीत पिवळ्या रंगावरून क्लोरीन. किट नसेल तर मालकाला सांगून आणायला लावा. पुलाच्या खर्चापुढे ते काहीच नाही. एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा: पीएच आधी मोजायचं, क्लोरीन नंतर टाकायचं. क्लोरीन फार जास्त झालं की पीएचचा रंग जांभळट होतो आणि चुकीचा आकडा दाखवतो.

पीएच जास्त असेल तर हायड्रोक्लोरिक ॲसिड लागतं, ते कसं हाताळायचं हे पुढे सांगते. पीएच सारखं वरखाली उड्या मारत असेल तर पाण्याची क्षारता कमी आहे, ती 80 ते 120 पीपीएम हवी. एक पीपीएम म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम. क्षारता वाढवायला खाण्याचा सोडाच चालतो: दर हजार लिटरला 17 ग्रॅम सोडा टाकला की ती 10 पीपीएमने वाढते.

एक साधा पूल धरू. 6 मीटर लांब, 3 मीटर रुंद, सरासरी 1.2 मीटर खोल. तिन्हींचा गुणाकार 21.6, म्हणजे 21,600 लिटर पाणी. रोजच्या वापराला क्लोरीन 1 ते 3 पीपीएम पुरतं. शेवाळ झालं तर ते एकदम 10 पर्यंत न्यावं लागतं. त्यासाठी या पुलाला 65 टक्केवालं कॅल्शियम हायपोक्लोराइट साधारण 330 ग्रॅम लागेल. ताजी, 33 टक्के ताकदीची ब्लीचिंग पावडर असेल तर साधारण 650 ग्रॅम. पण ब्लीचिंग पावडरीची ताकद पोत्यात पडल्या पडल्या उडते. मागच्या पावसाळ्यातलं दमट पोतं असेल तर तो फक्त चुना समजा.

बाजारात गोळ्याही मिळतात, टीसीसीए नावाच्या. सोयीच्या आहेत, हळूहळू विरघळतात. पण प्रत्येक गोळीबरोबर पाण्यात सायन्यूरिक ॲसिड जातं. ते थोडं असेल तर चांगलंच, उन्हापासून क्लोरीनला राखतं. 30 ते 50 पीपीएम ठीक. मात्र ते उडून जात नाही, साठत जातं, आणि 100 च्या वर गेलं की क्लोरीनचे हातपाय बांधून टाकतं. वर्षभर फक्त गोळ्यांवर चाललेल्या पुलात किटवर क्लोरीन भरपूर दिसतं आणि पाणी तरी हिरवं, ते यामुळे. त्यावर औषध एकच, थोडं पाणी काढून नवं भरणं.

हिरवा पूल साफ करायचा क्रम असा. आधी पाला-पाचोळा जाळीने काढा. पीएच मोजून 7.2 ते 7.4 वर आणा. भिंती, कोपरे, शिडीची मागची बाजू ब्रशने घासा, नाहीतर शेवाळाच्या बुळबुळीत थराखाली क्लोरीन पोचतच नाही. मग सूर्य मावळल्यावर क्लोरीन टाका. राखण नसलेलं क्लोरीन कडक उन्हात तासाभरात निम्म्याहून जास्त उडतं, दुपारी टाकणं म्हणजे उन्हाला खाऊ घालणं. पंप रात्रभर चालू. फिल्टरचा काटा नेहमीपेक्षा 8-10 पीएसआयने चढला की बॅकवॉश. दुसऱ्या दिवशी पाणी दुधट, राखाडी दिसेल. घाबरू नका, ते मेलेलं शेवाळ आहे. दोन-चार दिवस घासणं, गाळणं, रोज संध्याकाळी क्लोरीन मोजून पुन्हा 10 वर नेणं, असं चालू ठेवा. रात्री मोजलेलं क्लोरीन सकाळी ऊन येण्याआधी मोजलं आणि एक पीपीएमपेक्षा जास्त घटलं नसेल, तर शेवाळ संपलं. क्लोरीन 4 च्या खाली आल्याशिवाय कुणालाही पाण्यात सोडू नका.

मोरचूद टाकायची पद्धत काही ठिकाणी आहे. मी ती सुचवणार नाही. तांब्याचे डाग भिंतींवर बसतात आणि ते पाणी ओढ्यात गेलं तर मासे मरतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मी दवाखान्यात नोकरीला असताना एका बंगल्याच्या राखणदाराला आणलं होतं. डोळे लाल, खोकला थांबत नाही, छाती आवळल्यासारखी. पावडर कालवलेल्या बादलीतच त्याने ॲसिड ओतलं होतं, दोन्ही कामं एकदम होतील म्हणून. ब्लीचिंग पावडर किंवा हायपो आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीनचा वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असतो, खालीच साचतो, आणि पंपाची खोली बहुतेक ठिकाणी अर्धी जमिनीत, बिनखिडकीची असते.

म्हणून पावडरीची बादली वेगळी, ॲसिडची वेगळी, दोन्हींवर रंगाने मोठी खूण. एक टाकल्यावर दुसरं निदान चार-सहा तासांनी, मधल्या वेळात पंप चालू. बादलीत आधी पाणी, मग त्यात पावडर किंवा ॲसिड. ॲसिडवर पाणी कधीही ओतायचं नाही, ते उसळून तोंडावर येतं. वरच्या मापाच्या पुलात एका वेळी पाव लिटरपेक्षा जास्त ॲसिड नको. टाका, थांबा, पुन्हा मोजा. आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट किंवा ब्लीचिंग पावडर टीसीसीएच्या गोळ्यांत मिसळू देऊ नका. दोन्ही "क्लोरीन" म्हणूनच विकतात, पण एकत्र आल्यावर, त्यातही ओल लागली तर, आग लागते, स्फोट होतो. एकाच मापाने दोन्ही काढणंसुद्धा धोक्याचं.

वायू सुटलाच तर आधी बाहेर पळा, वाऱ्याच्या उलट बाजूला, उंच मोकळ्या जागी. आत कुणी अडकलं म्हणून तसेच शिरू नका, एकाचे दोन होतात. कपडे काढा, डोळे आणि अंग निदान 15 मिनिटं साध्या पाण्याने धुवा, 108 ला फोन करा. थोड्या वेळाने बरं वाटलं तरी दवाखान्यात जाच, कारण फुप्फुसात पाणी काही तासांनी भरू शकतं. दमा असलेल्या माणसाने हे काम करू नये. कुणी चुकून ॲसिड प्यायलं तर उलटी करवू नका. आत जाताना जाळलेलं ते बाहेर येताना पुन्हा जाळतं. ॲसिड पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून चुलीशेजारी ठेवणं बंद करा. राखणदाराचं बिऱ्हाड बंगल्याच्या मागच्या एका खोलीत असतं, पोरं तिथेच रांगतात.

रबरी हातमोजे, डोळ्यांवरचा चष्मा, बूट हे मालकाने द्यायचं असतं. फिल्टरचं बिल भरणाऱ्याला मोजे महाग नाहीत. मागताना संकोच करू नका. एकट्याने मागायला जड जातं, म्हणून एका गल्लीतल्या चार बंगल्यांच्या माणसांनी मिळून मागा.

पोहायला जाणाऱ्यांना दोनच गोष्टी सांगते. क्लोरीनचा उग्र वास आला, डोळे चुरचुरले, की आपण म्हणतो क्लोरीन फार झालंय. बहुधा उलट असतं. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन तो वास सुटतो, म्हणजे कामाचं क्लोरीन कमी पडलेलं असतं. तेव्हा उतरण्याआधी अंघोळ करा, लहानग्यांना तासाभराने बाहेर काढून शी-शूला न्या. आणि जुलाब झालेल्या मुलाला पुलात उतरवू नका. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू नेहमीच्या क्लोरीनमध्येही आठवडाभरापेक्षा जास्त जगतो. त्या जंतूचे जुलाब असतील तर थांबल्यावरही दोन आठवडे थांबावं लागतं.

पूल रिकामा करायची वेळ आली, तर क्लोरीन टाकणं चार-पाच दिवस आधी थांबवा. किटमध्ये पिवळा रंग अजिबात येईनासा झाला, मगच पाणी सोडा, आणि सोडायचं ते बागेच्या कडेला, ओढ्यात किंवा विहिरीच्या बाजूला नाही.