नीरेची हद्द हलत का नाही?

आषाढी वारीत तुकोबांची पालखी सराटीला नीरेकाठी येते, पादुकांना स्नान घडतं आणि पूल ओलांडला की अकलूज लागतं. पुणे जिल्हा मागं राहतो, सोलापूर जिल्हा सुरू होतो. इथं हद्दीची खूण म्हणजे हे पाणीच, आणि ती जुनी आहे. १६३६ च्या तहानं भीमा आणि नीरा यांच्यामधला निजामशाही मुलूख विजापूरकरांना मिळाला. त्याआधी आदिलशाहीची सीमा नीरेशी थांबायची. अकलूजचा भुईकोट याच काठावर आहे.

पण वाहत्या पाण्यात शिवेचा दगड रोवायचा कसा? जर्मनी आणि पोलंड यांनी ओडर व नाइसे नद्यांच्या दोन्ही काठांवर खांब उभे केले आहेत : एकीकडे काळा-लाल-सोनेरी, समोर पांढरा-लाल. प्रत्यक्ष हद्दीवर एकही खांब नाही. ती दोहोंच्या मधे, पाण्यात. खांब नुसते साक्षीदार.

नदीच सरकली तर साक्षीदारही अपुरे पडतात. रिओ ग्रांदे ही अमेरिका आणि मेक्सिको यांची हद्द. १८६४ च्या पुरात ती एल पासोपाशी दक्षिणेकडे सरकली आणि मधल्या जमिनीचं भांडण १९६३ च्या करारापर्यंत चाललं. अखेर नदीला तिथं काँक्रीटच्या पात्रात बांधून घातलं.

नीरेवर ही वेळ आली नाही, याचं श्रेय भूगर्भाला. वळणदार नदी बाहेरचा काठ खरवडते, आतल्या काठाला गाळ टाकते आणि अशी हळूहळू बाजूला चालत जाते. दख्खनच्या नद्यांना तेवढी मोकळीक नाही. तळाला बेसाल्टचा कातळ, दोन्ही बाजूंना चिकणमाती आणि चुनखडीच्या खड्यांनी घट्ट झालेल्या जुन्या गाळाच्या उंच दरडी. पुराचं पाणी पसरण्याऐवजी बरंचसं पात्रातच उंच चढतं.

हा गाळ किती जुना, याची साक्ष नीरेला मिळणाऱ्या कऱ्हेच्या काठावर आहे. मोरगावजवळच्या थरांत ज्वालामुखीची राख सापडते. ती इथली नव्हे, सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची! नदी काठ खात इकडेतिकडे भटकत राहिली असती, तर राखेचा तो पातळ थर केव्हाच वाहून गेला असता. काठ जागचा न हलल्याची इतकी विलक्षण खूण मला दुसरी ठाऊक नाही. म्हणूनच पात्रातला बेसुमार वाळूउपसा मला जास्त टोचतो. तळ खोल गेला की दरडीचा पायाच सुटतो, आणि मग ढासळतो तो हाच जुना गाळ.