पाऊस फक्त शेवटचा धक्का देतो

असोद्याच्या शिवारात उभं राहून चारी बाजूंना बघा. तापीच्या खोऱ्यातली सपाट जमीन, शेतं, केळीच्या बागा. इथे दरड कोसळणार कुठून? पण चाळीसगावहून कन्नड घाट चढून संभाजीनगरला जाणारे तुमच्यात कितीतरी असतील. ऑगस्ट 2021च्या अखेरीस रात्रभराच्या पावसात याच घाटात ठिकठिकाणी दरडी कोसळल्या, वाहनं अडकली, महामार्ग बंद पडला.

दोष पावसाचा? अर्धाच. उरलेली गोष्ट साडेसहा कोटी वर्षांहून जुनी आहे. जमिनीच्या भेगांतून लाव्हा आला, थंड झाला, त्यावर पुन्हा नवा लाव्हा पसरला. असं थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी रंगाचा मातकट पट्टा तयार झाला. काळ्या फत्तराच्या भेगांतून मुरलेलं पाणी या पट्ट्यावर अडतं. पट्टा मऊ पडतो आणि वरच्या खडकाचा आधार सुटतो.

वरून हवामानाचं काम चालूच असतं. ऊन आणि पाऊस आलटून पालटून खडक झिजवतात, त्याचा मुरूम आणि माती होते. सह्याद्रीत पाऊस जास्त, म्हणून उतारावर मातीचा थरही जाड. 30 जुलै 2014 रोजी पुणे जिल्ह्यातलं माळीण असंच गाडलं गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. 19 जुलै 2023च्या रात्री रायगडमधल्या इर्शाळवाडीवर तीच वेळ आली.

आपल्याकडे पाऊस कमी, हे खरं. पण सातमाळा-अजिंठ्याची डोंगररांग खान्देशाच्या बाजूला एकदम तुटते, कडे उभे आहेत आणि रस्त्यासाठी ते आणखी कापलेत. त्यात हवा एक अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणजे थोड्या वेळात धो-धो पाऊस पडण्याची शक्यता वाढते.

मग करायचं काय? मुसळधार पावसात, त्यातही रात्री, घाटातला प्रवास टाळा. निघण्याआधी घाट सुरू आहे का, ते विचारून घ्या. उतारावर नव्या भेगा, कललेली झाडं किंवा खांब, अचानक गढूळ झालेला झरा दिसला, तर तिथे सेल्फीसाठी थांबू नका. लगेच लांब व्हा आणि 112 वर कळवा. भूगोल किंवा भूशास्त्र शिकत असाल, तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या 'भूकोश' पोर्टलवर दरडप्रवण भागांचे नकाशे आहेत. आपल्या नेहमीच्या घाटाचा नकाशा आधी उघडा.