घरातले विमान : खरेपणा नेमका कशात असतो?

आपल्यापैकी बऱ्याच घरांत संगणकावर विमान चालवणारे एखादे मूल असते. अलीकडे एखादे निवृत्त आजोबाही असतात. मग हा नुसता खेळ आहे की काही शिक्षणही आहे, असा प्रश्न घरात कधी ना कधी निघतोच. मुलगा किंवा मुलगी "मला खरे विमान शिकायचे आहे, सराव तर माझा झालेलाच आहे" असे म्हणू लागली, की आईवडिलांना त्याचे उत्तर शोधावेच लागते. ते शोधायला मदत व्हावी म्हणून एक उदाहरण घेऊन या विषयाची थोडी फोड करू.

ब्रूस आर्टविक यांनी तयार केलेला फ्लाइट सिम्युलेटर मायक्रोसॉफ्टने १९८२ साली आयबीएमच्या पीसीसाठी बाजारात आणला. शिकागोचा मेग्ज फील्ड हा तळ, चार रेघांची धावपट्टी, आणि त्या काळी तेवढ्याचेही केवढे अप्रूप! २०२० साली आलेल्या आवृत्तीत उपग्रहांच्या आणि विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून सगळी पृथ्वीच उभी केलेली आहे. आपल्या गावची नदीसुद्धा त्यात सापडते. पण चित्र कितीही हुबेहूब असले, तरी त्यावरून विमान खरे ठरत नाही. तो खरेपणा कुठून येतो हे पाहायचे तर मूळ कार्यक्रमाला वेगळे विकत घेऊन जोडायचे एखादे विमान पाहावे. त्यांतले एक नावाजलेले म्हणजे एटूए सिम्युलेशन्स या कंपनीचे 'कोमांचे २५०'. ते २०२३ साली आले.

मूळ विमान

पायपर कंपनीचे कोमांचे हे चार आसनांचे, एका इंजिनाचे छोटे विमान. ते पेनसिल्व्हेनियातल्या लॉक हेवन येथे १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून तयार होऊ लागले. पंख खालच्या बाजूला, चाके उड्डाणानंतर पोटात घेण्याची सोय, आणि सहा सिलिंडरांचे २५० अश्वशक्तीचे लायकमिंग इंजिन. मॅक्स कॉनरॅड या वैमानिकाने जून १९५९ मध्ये जादा टाक्या बसवलेल्या कोमांचेतून कॅसाब्लांकाहून लॉस एंजेलिसपर्यंत, साडेसात हजारांहून अधिक मैल, कुठेही न उतरता एकट्याने प्रवास केला. जून १९७२ मध्ये ॲग्नेस वादळाच्या पुरात कारखाना बुडाला आणि कोमांचेचे उत्पादन कायमचे थांबले.

संगणकातले विमान

कोणताही सिम्युलेटर मुळात एकच काम पुन्हा पुन्हा करतो. पंखांची उचल, हवेचा विरोध, पंख्याचा रेटा आणि वजन यांचा हिशेब सेकंदाला अनेक वेळा मांडून विमान पुढच्या क्षणी कुठे असेल ते ठरवतो. साध्या विमानात इंजिन म्हणजे एक सूत्र असते. थ्रॉटल इतका पुढे, तर शक्ती इतकी. ते सूत्र थकत नाही, गारठत नाही आणि कालचे काही लक्षात ठेवत नाही.

कोमांचेत याच ठिकाणी फरक पडतो. तिथे इंजिनाच्या आतल्या घडामोडींचा स्वतंत्र हिशेब चालतो. ऑइलचे तापमान आणि दाब, प्रत्येक सिलिंडरची उष्णता, स्पार्क प्लगवर साचणारी काजळी, बॅटरीतली वीज, टायरांची झीज असे सगळे त्यात येते. मुख्य म्हणजे संगणक बंद करताना ही स्थिती साठवली जाते. आज इंजिन बेदरकारपणे तापवले, तर पुढच्या शनिवारी ते तसेच दुखावलेले भेटते. उड्डाणापूर्वी विमानाभोवती फेरी मारून ऑइल पाहायचे, टाकीतले थोडे पेट्रोल काढून त्यात पाणी नाही ना हे तपासायचे, आणि बिघाड असल्यास हँगरमध्ये दुरुस्ती करून घ्यायची.

थंडीत स्कूटर तिरकी करून, चोक ओढून, मग किक मारणाऱ्या पिढीला हे वेगळे समजावायला नको. यंत्राला स्वभाव असतो आणि तो सांभाळावा लागतो, हे आपण तिथेच शिकलो. इंजेक्शनच्या गाड्यांत वाढलेल्या आपल्या मुलांना मात्र हा अनुभव नवा असतो.

कार्ब्युरेटरमधला बर्फ

या तपशिलाचा उपयोग काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. कोमांचे २५०च्या इंजिनाला कार्ब्युरेटर आहे. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते तेव्हा तिचा दाब उतरतो, आणि तिथेच पेट्रोलची वाफ होते. या दोन्ही कारणांनी तिथले तापमान ६० ते ७० अंश फॅरनहाइटनेही उतरू शकते. त्यामुळे बाहेर अगदी सुखद हवा असली, म्हणजे ७० अंश फॅरनहाइटच्या (२१ सेल्सियसच्या) खाली आणि दमट, तरी आत बर्फ धरू शकतो. हवेची वाट अरुंद होत जाते आणि इंजिनाची शक्ती हळूहळू कमी होते.

यावर उपाय म्हणजे गरम हवा आत सोडणारी मूठ ओढणे. पण ती ओढल्यावर बर्फ वितळतो, त्याचे पाणी इंजिनात जाते आणि इंजिन आधीपेक्षाही जास्त खडखडते. नवशिक्याला वाटते की आपणच काहीतरी बिघडवले, आणि तो घाबरून मूठ परत आत ढकलतो. खरे तर त्या वेळी तसेच थांबायचे असते. थोड्या वेळात इंजिन सुधारते. पुस्तकात हे एका वाक्यात वाचून होते. पण दोन हजार फुटांवर तो खडखडाट ऐकत मूठ न सोडणे ही सवयीची गोष्ट आहे, आणि ती सवय घरी, कोणाच्याही जिवाला धोका न होता, लावून घेता येते.

पेट्रोलचेही तसेच. डाव्या आणि उजव्या पंखात प्रत्येकी ३० गॅलनची टाकी, आणि कोणत्या टाकीतून घ्यायचे ते वैमानिकाने ठरवायचे. ठरावीक वेळाने टाकी बदलायचे विसरले, तर एक भरलेली असतानाही इंजिन बंद पडते. स्कूटरची कळ 'रिझर्व्ह'वर न्यायला विसरण्यासारखेच हे आहे, फक्त इथे गाडी रस्त्याच्या कडेला ढकलत नेता येत नाही!

जे घरी शिकता येत नाही

आता दुसरी बाजू, आणि पालकांनी हीच नीट लक्षात घ्यावी. घरातली खुर्ची कलत नाही. खऱ्या विमानात क्षितिज दिसेनासे झाले, की विमान हळूहळू कलत असतानाही आतल्या कानातला द्रव "आपण सरळ आहोत" असेच सांगतो. काट्यांवर विश्वास ठेवायचा आणि शरीराचे ऐकायचे नाही, ही वैमानिकाची सर्वांत कठीण शिस्त. १६ जुलै १९९९ च्या रात्री धूसर हवेत, समुद्रावरून जाताना जॉन केनेडी (धाकटे) यांचे पायपर साराटोगा विमान मार्थाज व्हिनयार्डजवळ कोसळले आणि तिघांचे प्राण गेले. अशाच दिशाभ्रमामुळे त्यांचा ताबा सुटला, असा निष्कर्ष अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने काढला. घरी कान आणि काटे यांचे हे भांडण कधी होतच नाही. म्हणून पडद्यावर ढगांतून शंभर वेळा सुखरूप बाहेर आलेल्या मुलाला स्वतःबद्दल वाटणारी खात्री या बाबतीत निराधार असते.

कायदाही हा फरक मानतो. अमेरिकेत खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान ४० तासांचे उड्डाण लागते, त्यांत किमान २० तास प्रशिक्षकाबरोबर. घरच्या संगणकावर एकट्याने घालवलेला एकही तास त्यात धरला जात नाही. शिवाय पडद्यावर शिकलेल्यांना काट्यांकडेच टक लावून बसण्याची सवय जडते. स्वच्छ हवेत वैमानिकाची नजर मुख्यतः बाहेर हवी, कारण दुसरे विमान काट्यांवर दिसत नाही.

मग करावे काय?

घरात असे विमान असेल तर काही नियम घालून घ्यावेत. तपासणीची यादी छापून हातात घ्यावी आणि प्रत्येक वेळी वाचावी. मध्येच थांबवण्याची कळ वापरू नये. झालेला बिघाड पुसून नव्याने सुरू करू नये. तो का झाला हे आधी शोधावे. मुद्दाम दमट, गार हवा निवडावी. आणि मुलाला अधूनमधून विचारावे, "आत्ता कोणत्या टाकीतून पेट्रोल येते आहे? अजून किती वेळ पुरेल? इंजिन आत्ता बंद पडले तर कुठे उतरशील?" आपल्याला स्वतःला विमानातले काही कळत नसले तरी चालेल. उत्तरे चटकन आली, तर शिक्षण चालू आहे असे खुशाल समजावे.

त्यानंतर जवळच्या लहान विमानतळावरच्या प्रशिक्षकाकडे मुलाला एका तासासाठी घेऊन जावे, आणि घरी काय काय केले आहे ते त्यांना आधीच सांगावे. यादी, इंजिन आणि टाक्या यांची समज असलेला विद्यार्थी पहिल्या दिवसापासून बरेच काही लवकर उचलतो. बाकीचे त्याला खऱ्या हवेत, अनुभवी माणसाच्या शेजारी बसूनच शिकायचे आहे.