डार्विनच्या दोन याद्या

मे महिन्याची सुट्टी संपून शाळा उघडल्या, की मुलांना एक प्रश्न हमखास विचारला जातो : सुट्टीत काय वाचलेत? अशाच एका वर्गात मी एकदा पाहुणा म्हणून बसलो होतो. आठवीतील एका मुलीने आपली वही पुढे केली. डाव्या पानावर मथळा होता 'वाचलेली पुस्तके' आणि उजव्या पानावर 'वाचायची पुस्तके'. डावीकडे अकरा नावे होती, उजवीकडे सव्वीस! वर्गात हशा पिकला आणि बिचारी ओशाळली. मी तिला म्हटले, "अगं, अशीच वही एका फार मोठ्या शास्त्रज्ञाने बावीस वर्षे ठेवली होती. त्याचीही उजवी बाजू कधी संपली नाही." तो शास्त्रज्ञ म्हणजे चार्ल्स डार्विन. त्या दिवशी तास संपल्याने गोष्ट अर्धीच राहिली. ती आज पूर्ण करतो.

डार्विन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येते ते 'बीगल' जहाज, गॅलापागोस बेटे आणि तेथील पक्षी व कासवे. पण मित्रहो, त्या पाच वर्षांच्या सफरीनंतर हा माणूस ब्रिटन सोडून पुन्हा कधीही बाहेर गेला नाही. १८४२ साली तो लंडनजवळच्या डाउन या खेड्यात राहायला गेला आणि उरलेली चाळीस वर्षे त्याने तेथेच काढली. मग जगभरची माहिती त्याच्याकडे आली कशी? काही पत्रांतून आली, काही त्याच्या बागेतील प्रयोगांतून मिळाली. आणि फार मोठा भाग आला तो पुस्तकांतून.

वाचनाची ही ओढ लहानपणापासूनची. शाळेत एका मुलाजवळ जगातील आश्चर्यांविषयीचे एक पुस्तक होते. ते डार्विन पुन्हा पुन्हा मागून वाचत असे आणि त्यातले खरे किती, खोटे किती यावरून मित्रांशी वाद घालत असे. दूरच्या देशांत जावे ही इच्छा प्रथम त्या पुस्तकाने निर्माण केली, असे त्याने म्हातारपणी लिहून ठेवले आहे. पुढे केंब्रिजला असताना हुंबोल्ट या जर्मन संशोधकाचे प्रवासवर्णन त्याच्या हाती पडले. त्यातील टेनेरीफ बेटाच्या वर्णनाने तो इतका भारावला, की त्याने ते उतरून काढले आणि सहलीला गेल्यावर मित्रांना मोठ्याने वाचून दाखविले! आणि गंमत पाहा. जानेवारी १८३२ मध्ये 'बीगल' त्याच टेनेरीफच्या बंदरासमोर येऊन उभे राहिले, तेव्हा इंग्लंडमधील पटकीच्या साथीमुळे बारा दिवस कोणालाही उतरू देणार नाही असा तेथील अधिकाऱ्यांचा हुकूम झाला. कप्तानाने शिडे फिरविली. डार्विनला ते बेट जहाजावरूनच पाहावे लागले.

या सफरीवर कप्तान फिट्झरॉय याने त्याला लायेल या भूशास्त्रज्ञाच्या ग्रंथाचा पहिला खंड भेट दिला होता. डार्विनचे गुरू हेन्स्लो यांनीही तो वाचायला सांगितले होते. मात्र त्यातील मते मुळीच स्वीकारू नकोस, अशी ताकीदही दिली होती! लायेलचे म्हणणे असे, की आज आपल्यासमोर पाऊस, नद्या, लाटा, ज्वालामुखी व भूकंप जे काम हळूहळू करीत आहेत, त्यानेच दीर्घ काळात पृथ्वीचे रूप घडविले. केप व्हर्द बेटांवर उतरताच डार्विनला समुद्रकाठच्या कड्यात सुमारे ४५ फूट उंचीवर एक पांढरा आडवा पट्टा दिसला. त्यात शिंपले होते आणि वर लाव्ह्याचा थर होता. म्हणजे जुन्या समुद्रतळावरून लाव्हा वाहत गेला आणि नंतर सारा भाग वर उचलला गेला. पुस्तक नसते तर तो पट्टा दिसला असता, पण उलगडला नसता. राहता राहिली गुरूंची ताकीद. ती अर्थातच पाळली गेली नाही. जहाजावर सुमारे चारशे खंडांचे ग्रंथालय होते आणि ते ज्या केबिनमध्ये होते, तेथेच डार्विन झोपत असे. इतकी सोयीची जागा वाचनवेड्याला दुसरी कोणती मिळणार!

आता त्या वहीकडे वळू. परत आल्यावर, १८३७ च्या जुलैमध्ये, डार्विनने एक टिपणवही उघडली. प्राण्यांच्या व वनस्पतींच्या जाती कायमच्या ठरलेल्या असतात की बदलतात, हा त्या वहीचा विषय. एकदा हा प्रश्न मनात ठाण मांडून बसल्यावर वाचायच्या पुस्तकांची नावे त्याला भराभर सुचू लागली. १८३८ पासून त्याने दोन याद्या ठेवायला सुरुवात केली, एक वाचायच्या पुस्तकांची आणि एक वाचून झालेल्या पुस्तकांची. १८६० पर्यंत हे काम चालू होते. एका पुस्तकात दुसऱ्याचा उल्लेख सापडे, तो पहिल्या यादीत जाई. एखादा मित्र नाव सुचवी, तेही तेथेच जाई. १८३८ च्या एका टिपणात त्याने स्वतःला बजावले आहे, की ॲरिस्टॉटल वाचायला हवा, म्हणजे आपली मते फार जुनी तर नाहीत ना, हे कळेल. हे टिपण लक्षात ठेवा. त्याची हकीकत शेवटी येणार आहे.

त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात डार्विनने माल्थस नावाच्या लेखकाचा लोकसंख्येवरील निबंध हाती घेतला. हे पुस्तक प्राणिशास्त्राचे नव्हे, अर्थशास्त्राचे. आपण ते केवळ करमणुकीसाठी वाचले असे डार्विन म्हणतो. (लोकसंख्येवरचे जाडजूड पुस्तक करमणुकीसाठी वाचणारा माणूस कसा असेल, याची कल्पना करा!) माल्थसचा हिशेब साधा आहे. माणसांची संख्या काही आडकाठी नसेल तर दर पंचवीस वर्षांनी दुप्पट होईल : १, २, ४, ८, १६. अन्न मात्र फार तर १, २, ३, ४, ५ असे वाढेल. दोनशे वर्षांत हे प्रमाण २५६ ला ९ असे होईल. अर्थात तसे प्रत्यक्षात होत नाही, कारण रोगराई, उपासमार आणि युद्धे संख्या रोखून धरतात. माणसांच्या अन्नाबाबत माल्थसचे भाकीत पुढे तसेच्या तसे उतरले नाही, ही गोष्ट वेगळी. डार्विनने त्यातून जे उचलले ते निराळेच होते. प्रत्येक प्राणी व वनस्पती जगू शकतील त्याहून कितीतरी अधिक संतती निर्माण करतात. मग वाचतात कोण? ज्यांच्या अंगी परिस्थितीला सोयीचा एखादा लहानसा फरक असतो, ते वाचण्याचा संभव अधिक. तो फरक पुढच्या पिढीत उतरतो, साठत जातो आणि कालांतराने नवी जाती निर्माण होते. पंधरा महिने तो जे शोधत होता, ते असे भलत्याच कपाटात सापडले.

माल्थसचा निबंध १७९८ सालचा. चाळीस वर्षांत तो हजारोंनी वाचला असेल, पण त्यातून नैसर्गिक निवडीची कल्पना या कामासाठी नेमकी कोणाला सुचली? डार्विनला, आणि आल्फ्रेड वॉलेसला. वॉलेस लेस्टर गावी शिक्षक असताना तेथील ग्रंथालयात त्याने हेच पुस्तक वाचले होते. १८५८ च्या फेब्रुवारीत, आजच्या इंडोनेशियातील एका बेटावर हिवतापाने अंथरुणावर पडलेला असताना, त्याला ते आठवले आणि तोच विचार त्याच्याही मनात आला. दोघांचे लेख १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत एकत्र वाचले गेले. तो विचार सुचला तेव्हा हे दोघेही जातींचा प्रश्न उराशी घेऊन बसले होते. माझ्या मते सारा फरक तेथेच आहे.

यादीत काय नव्हते असे विचारणेच सोपे! प्रवासवर्णने होती, चरित्रे होती, तत्त्वज्ञान होते, कादंबऱ्या होत्या. शेतकऱ्यांची मासिके आणि कुत्रे, कोंबड्या, कबुतरे पाळणाऱ्यांची पुस्तकेही होती. मोठ्या विद्वानांना या पुस्तकांना हात लावणे कमीपणाचे वाटे. डार्विनला तसे वाटले नाही, कारण माणूस हौसेने निवड करून जाती कशा बदलतो, हे त्या कबुतरवाल्यांनाच ठाऊक होते. आपल्याकडील एक ग्रंथही त्याच्या हाती आला. तो म्हणजे अबुल फजलचा 'ऐन-ए-अकबरी', ग्लॅडविनने केलेल्या इंग्रजी भाषांतरातून. १६०० च्या सुमारास अकबराच्या दरबाराबरोबर वीस हजारांहून कमी कबुतरे कधीच नसत आणि बादशहाने संकर करून त्यांच्या जाती सुधारल्या होत्या, ही माहिती डार्विनने त्यातून घेतली आणि 'जातींचा उगम' या १८५९ च्या ग्रंथात वापरली. फत्तेपूर-आग्ऱ्याच्या कबुतरांनी उत्क्रांतीच्या बाजूने साक्ष दिली, असे म्हणायला हरकत नाही!

२०१७ साली अमेरिकेतील संशोधकांनी या याद्यांतील सहाशेहून अधिक इंग्रजी पुस्तकांचा मजकूर संगणकाला देऊन, प्रत्येक पुस्तक आधी वाचलेल्यांपेक्षा किती वेगळे आहे हे मोजले. सुरुवातीच्या काळात डार्विन एकाच विषयाच्या आसपास घट्ट वाचत होता आणि पुढे पुढे अधिकाधिक दूर भटकू लागला, असे त्यांना आढळले.

वाचण्याची त्याची पद्धत मात्र तुमच्या ग्रंथपालांना सांगू नका. पुस्तक म्हणजे कामाचे हत्यार, असे तो मानी. जड पुस्तक हातात धरणे त्रासाचे होई म्हणून तो ते सरळ मधोमध चिरून दोन तुकडे करी! लहान पुस्तिकांतील हवी तेवढीच पाने ठेवून बाकीची फाडून टाकी. वाचताना समासात पेन्सिलीच्या खुणा करायच्या, शेवटच्या कोऱ्या पानावर त्या खुणांची सूची लिहायची, मग सारांश काढून तो विषयवार ठेवलेल्या तीस-चाळीस खणांपैकी योग्य खणात घालायचा, असा क्रम असे. आणखी एक सवय त्याहून महत्त्वाची. आपल्या मताविरुद्ध जाणारी एखादी गोष्ट वाचनात आली, तर ती तो ताबडतोब लिहून ठेवी. कारण सोयीच्या गोष्टी लक्षात राहतात आणि गैरसोयीच्या मनातून चटकन निसटतात, हा त्याचा स्वतःबद्दलचा अनुभव होता.

कादंबऱ्या त्याला घरची माणसे वाचून दाखवीत. शेवट गोड असला पाहिजे, ही त्याची अट. दुःखी शेवटाविरुद्ध कायदाच हवा, असे तो थट्टेने म्हणे. कवितेची आवड मात्र हळूहळू आटून गेली. तरुणपणी 'बीगल'वरून भटकंतीला उतरताना एकच पुस्तक घेता आले तर तो मिल्टनचे काव्य खिशात टाकी. त्याच माणसाला उतारवयात शेक्सपिअर वाचवेना. याचे त्याला फार वाईट वाटे. पुन्हा जगायला मिळाले तर आठवड्यातून एकदा तरी कविता वाचीन, संगीत ऐकेन, असे त्याने १८७६ साली आत्मचरित्रात लिहिले आहे.

इतके वाचूनही एक गोष्ट निसटली. गुण एका पिढीतून दुसरीत कसे जातात, हे डार्विनला शेवटपर्यंत उमगले नाही. मेंडेलचा वाटाण्यावरील निबंध १८६६ सालीच छापून आला होता, पण जर्मन भाषेत. आणि जर्मनचे व डार्विनचे कधीच जमले नाही. शब्दकोश घेऊन तो एकेक वाक्य फोडीत बसे. फोके या वनस्पतिशास्त्रज्ञाचे संकरांवरील एक जर्मन पुस्तक त्याच्याकडे आले. त्यात मेंडेलचा उल्लेख होता. त्या काळी पुष्कळ पुस्तकांच्या पानांच्या घड्या तशाच असत आणि वाचकाने त्या सुरीने कापायच्या असत. डार्विनच्या प्रतीत मेंडेलविषयीच्या पानांच्या घड्या कापलेल्याच नव्हत्या! कापल्या असत्या तरी तो त्रोटक उल्लेख वाचून सारे कळले असते, असे मला वाटत नाही. पण हळहळ वाटते ती दुसऱ्याच कारणाने. डार्विनने स्वतः स्नॅपड्रॅगन फुलांच्या दोन प्रकारांचा संकर केला होता. पहिल्या पिढीत सारी फुले नेहमीच्या आकाराची निघाली. त्यांच्या बियांपासून आलेल्या १२७ रोपांत ८८ नेहमीची, ३७ वेगळ्या आकाराची आणि २ मधली होती. हे आकडे त्याने १८६८ साली छापलेही. दहावीच्या मुलांनी ८८ ला ३७ ने भागून पाहावे आणि मेंडेलचे ३ : १ आठवावे. मेंडेलने मात्र डार्विनचा ग्रंथ भाषांतरातून, समासात खुणा करीत वाचला होता.

२०२४ साली अभ्यासकांनी डार्विनच्या साऱ्या ग्रंथसंग्रहाची जुळणी पूर्ण केली, तेव्हा सुमारे ७,४०० शीर्षके आणि १३,००० खंड भरले. आणि तो ॲरिस्टॉटल? १८३८ च्या टिपणानंतर वर्षांमागून वर्षे गेली. इतरांच्या पुस्तकांत आलेले उतारे, एवढीच काय ती ओळख होती. १८८२ च्या सुरुवातीला डॉक्टर ओगल यांनी ॲरिस्टॉटलच्या प्राण्यांच्या अवयवांवरील ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर करून त्याला पाठविले. २२ फेब्रुवारीला डार्विनने त्यांना उत्तर लिहिले : लिनियस आणि क्यूव्हिए यांना मी आजवर देवासमान मानीत आलो, पण या म्हाताऱ्या ॲरिस्टॉटलपुढे ते शाळकरी पोरे वाटतात. तोपर्यंत पुस्तकाचा जेमतेम चौथा हिस्सा त्याचा वाचून झाला होता. १९ एप्रिलला तो वारला.