मेहरूणच्या काठावरील दुर्बीण : लहान निरीक्षण-दुर्बिणीच्या निवडीचा विचार

जळगाव शहरालगतच्या मेहरूण तलावाच्या काठी हिवाळ्याच्या एखाद्या सकाळी उभे राहिले असता पाण्याच्या मध्यभागी काही करडी बदके दिसतात. ती बदके आहेत, हे साध्या डोळ्यालाही कळते. परंतु त्यांतील मादी चक्रांगाची की भुवई बदकाची, हे सांगता येत नाही. दोन्ही माद्या आकाराने जवळपास सारख्या आणि वर्णाने तपकिरी असतात. भुवई बदकाच्या मादीच्या चेहऱ्यावर फिकट व गडद पट्टे असतात आणि चोचीच्या मुळाशी एक फिकट ठिपका असतो. चक्रांगाच्या मादीच्या शेपटीच्या बाजूला फिकट रेघ असते. भेद आहे, पण तो काही मिलिमीटरांचा आहे. तेवढा भेद दोनशे मीटरांवरून दाखविणारे, आणि तरीही पाठीवरच्या पिशवीत मावणारे उपकरण कसे निवडावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

इंग्रजीत ज्यास स्पॉटिंग स्कोप म्हणतात ती एका डोळ्याने पाहावयाची, तिपाईवर ठेवावयाची, सुलट प्रतिमा देणारी दुर्बीण असते. तिचे लहान रूप, म्हणजे सुमारे ५० ते ६५ मिलिमीटर व्यासाच्या वस्तुभिंगाचे, मुख्यतः दोन वर्गांच्या गरजेतून लोकप्रिय झाले. पहिला वर्ग नेमबाजांचा. कागदी लक्ष्यावर गोळी कोठे लागली हे जागेवरून न उठता पाहण्यास त्यांना ती लागे. दुसरा वर्ग अमेरिकेच्या पश्चिम भागातील शिकाऱ्यांचा. तेथील उघड्या डोंगराळ मुलुखात जनावर मैलभर अंतरावरून हेरावे लागते, आणि काही राज्यांत शिंगांना ठराविक फाटे असलेल्या नरासच मारण्याची मुभा असल्याने ते फाटे आधी मोजावे लागतात. या दोघांचीही मागणी एकच होती : आधी नक्की ओळख, मग कृती, आणि उपकरण वाहून नेण्याजोगे हलके. पक्षिनिरीक्षकाची मागणी याहून वेगळी नाही.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर हौसेची शिकार संपुष्टात आली. त्यामुळे खानदेशात या दुर्बिणीस उरलेली क्षेत्रे दोन : नेमबाजीचे मैदान आणि पाणवठा. परंतु बंदुकीकडून भिंगाकडे झालेला हा पालट खानदेशाच्या प्राणिशास्त्रीय इतिहासात केवळ कायद्याचा भाग नाही. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची यादी ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्या काळी पक्ष्याची नोंद म्हणजे बंदुकीने मिळविलेले कातडे व त्यास बांधलेली चिठ्ठी. रानपिंगळा या घुबडाचे नमुने याच डेव्हिडसनने या भागातून गोळा केले होते. १८८४ नंतर तो पक्षी खात्रीलायक रीतीने कोणास आढळला नाही. मधल्या काळात रिचर्ड माइनर्टझहागेन याने १९१४ साली गुजरातेत मिळविल्याचे सांगितलेला एक नमुना मात्र संग्रहात होता. पुढे तपासाअंती तो डेव्हिडसनच्याच नमुन्यांपैकी एक असून त्यावर खोटी चिठ्ठी लावल्याचे सिद्ध झाले. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा जिवंत दिसला. शहादे त्या वेळी धुळे जिल्ह्यात होते. १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. हा पुनःशोध पक्षी न मारता, पाहून आणि चित्रित करून झाला. गावोगाव आढळणाऱ्या ठिपकेदार पिंगळ्यापासून रानपिंगळा वेगळा काढावयाचा तर डोक्यावरील ठिपक्यांचा अस्पष्टपणा आणि पिसांनी झाकलेले जाड पाय यांसारखे तपशील दिसावे लागतात. कातडे खोटे बोलू शकते हे एका उदाहरणाने दाखविले. डोळाही चुकू शकतो. म्हणून जेथे पाहणे हाच पुरावा, तेथे पाहण्याच्या साधनाची मर्यादा जाणणे हे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.

ही मर्यादा कोनात मोजावी लागते. निरोगी डोळ्यास सुमारे १ कला, म्हणजे ६० विकला, एवढ्या कोनाहून लहान तपशील वेगळा दिसत नाही. नेमबाजीतील उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. ५० मीटर रायफल स्पर्धेच्या लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. कोल्हापूरकडील स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच अंतरावरील तीन अवस्थांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. ५० मीटरांवरून ते वर्तुळ डोळ्याशी केवळ ४३ विकलांचा कोन करते आणि ५.६ मिलिमीटरच्या गोळीचे छिद्र २३ विकलांचा. मोठ्या स्पर्धांत आता विद्युत्-यंत्रणेची लक्ष्ये असल्याने छिद्र शोधावे लागत नाही. परंतु कागदी लक्ष्यावरील सरावात दुर्बिणीवाचून गत्यंतर नसते. आता मेहरूणच्या पाण्याकडे वळू. समजा, बदकाच्या चेहऱ्यावरील पट्टा ५ मिलिमीटर रुंद आहे. २०० मीटरांवरून तो सुमारे ५ विकलांचा कोन करील. आठपट वाढविणाऱ्या द्विनेत्री दुर्बिणीतून तो ४० विकलांचा होईल, म्हणजे दिसणार नाही. तो सुखाने दिसण्यास २ कलांपर्यंत, म्हणजे १२० विकलांपर्यंत वाढवावयाचा तर सुमारे २३ पट विवर्धन हवे. अंतर दुप्पट झाल्यास विवर्धनही दुप्पट लागेल. निवडीचा आरंभ या हिशेबापासून व्हावा, ‘किती पट?’ हा प्रश्न त्यानंतरचा.

मग ६० पटींचीच दुर्बीण का घेऊ नये? याचे पहिले उत्तर प्रकाशाच्या विवर्तनात आहे. भिंगाचा व्यास मिलिमीटरांत घेऊन त्याने ११६ ला भागल्यास, त्या भिंगास दोन बिंदू वेगळे दाखविता येतील असा सर्वांत लहान कोन विकलांत मिळतो. ५० मिलिमीटरच्या भिंगास तो २.३ विकला, ६५ च्या भिंगास १.८ आणि ८० च्या भिंगास सुमारे १.५ येतो. २.३ विकला डोळ्याच्या ६० विकलांपर्यंत नेण्यास २६ पट विवर्धन पुरते. त्यापुढे थोडे वाढविल्याने पाहणे सोपे होते; परंतु दुपटीहून पुढे गेल्यास केवळ धूसर चित्र मोठे होते, नवा तपशील हाती लागत नाही. लहान दुर्बिणीवर कोरलेला मोठा आकडा म्हणूनच बहुधा विक्रेत्याच्या उपयोगाचा असतो.

दुसरे उत्तर उजेडात आहे. नेत्रभिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास हा वस्तुभिंगाचा व्यास भागिले विवर्धन एवढा असतो. ५० मिलिमीटरच्या दुर्बिणीत २० पटीस तो २.५ मिलिमीटर, तर ६० पटीस सुमारे ०.८ मिलिमीटर राहतो. भर दिवसा बाहुली आकुंचित असते, तेव्हा २.५ मिलिमीटर पुरतात. परंतु पाणपक्षी मोजण्याची खरी वेळ सूर्योदयाच्या आसपासची व संधिप्रकाशाची. तेव्हा बाहुली पसरून ५ मिलिमीटर किंवा अधिक होते आणि बारीक शलाकेचे चित्र मंद वाटते. ६५ मिलिमीटरचे भिंग ५० च्या तुलनेत सुमारे १.७ पट आणि ८० चे सुमारे अडीच पट प्रकाश घेते. मात्र ५० मिलिमीटरच्या दुर्बिणीचे वजन अर्ध्या ते पाऊण किलोत बसते, तर ८० ची दीड किलोच्या आसपास जाते, आणि तिला साजेशी तिपाईही जड लागते. घरी ठेवलेल्या मोठ्या दुर्बिणीपेक्षा काठावर नेलेली लहान दुर्बीण अधिक दाखविते, हा अनुभव कोणत्याही सूत्रात बसत नसला तरी विसरण्याजोगा नाही.

तिसरे आणि खानदेशापुरते सर्वांत बलवत्तर उत्तर हवेत आहे. उन्हाळ्यात जळगावचे तापमान ४४-४५ अंशांपर्यंत चढते आणि तापलेल्या जमिनीवर मृगजळ दिसू लागते. हवेचे तापमान १ अंशाने वाढले असता तिचा वक्रीभवनांक सुमारे एक दशलक्षांशाने घटतो. ही संख्या क्षुद्र वाटते. तथापि २०० मीटरांच्या मार्गात उंचीनुसार तापमानाचा उतार दर मीटरला केवळ ०.२ अंशाने खालीवर झाला, तरी ढोबळ हिशेबाने प्रतिमा सुमारे ४ विकला सरकते. म्हणजे बदकाच्या चेहऱ्यावरील पट्ट्याच्या रुंदीएवढी. अशा वेळी भिंग कितीही उत्तम असो, पट्टा थरथरत पुसला जातो, आणि विवर्धन वाढविले की थरथरही तेवढीच वाढते. हिवाळ्याच्या पहाटे पाणी हवेपेक्षा उबदार असल्यास पाण्याच्या पृष्ठालगतही हा दोष येतो. यावर उपाय दुकानात मिळत नाही. ऊन चढण्यापूर्वी किंवा ढगाळ वेळी पाहावे, दृष्टिरेषा डांबरी रस्ता वा उघडा खडक यांवरून जाऊ देऊ नये, शक्य तेथे काठाच्या थोड्या उंच जागेवरून पाहावे आणि अंतर कमी करावे. अनुभवी नेमबाज याच थरथरीच्या दिशेवरून वाऱ्याचा अंदाज घेतो; एकाचा अडथळा दुसऱ्याचे साधन होतो.

व्यास व विवर्धन ठरल्यावर उरतात ते कारागिरीचे प्रश्न. साध्या काचेत निरनिराळ्या रंगांचे किरण एकाच ठिकाणी केंद्रित होत नाहीत. त्यामुळे वारकरी पक्ष्याच्या काळ्या डोक्यावरील पांढऱ्या कपाळपट्टीभोवती जांभळी-हिरवी किनार उमटते. अल्प अपस्करणाच्या काचेने हा दोष बराच घटतो आणि लहान दुर्बिणीत पैसे खर्च करावयाचे तर ते येथेच करावेत. बदलत्या विवर्धनाचे नेत्रभिंग सोयीचे असले तरी कमी पटीस त्याचे दृष्टिक्षेत्र पुष्कळदा अरुंद असते. २० पटींच्या स्थिर नेत्रभिंगातून ५० अंशांचे भासमान क्षेत्र मिळाल्यास १,००० मीटरांवर सुमारे ४४ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. थवा मोजण्यास ही रुंदी मोलाची असते. चष्मा वापरणाऱ्याने नेत्रभिंगापासून निदान १५ मिलिमीटरवर डोळा ठेवून पूर्ण क्षेत्र दिसते की नाही, हे पाहावे. तिरप्या नेत्रनळीची दुर्बीण निरनिराळ्या उंचीच्या विद्यार्थ्यांना एकाच तिपाईवरून पाहता येते, आणि पालथे पडून नेम धरणाऱ्यास ती बाजूला वळविता येते; सरळ नळीची दुर्बीण उडत्या किंवा चालत्या प्राण्यावर लवकर रोखता येते. आत कोरडा वायू भरून बंद केलेली नळी पावसाळ्यात धुके धरीत नाही. तिपाईकडे दुर्लक्ष करणे मात्र सर्वांत महाग पडते : २० पटींत हाताचा कंपही २० पट होतो. तिपाईचे पाय पूर्ण न ताणता, मधल्या दांड्यास पिशवी टांगून, किंवा नेमबाजांप्रमाणे दगडावर वाळूची पिशवी ठेवून तिच्यावर दुर्बीण टेकविली तरी मोठा फरक पडतो.

खरेदीपूर्वी एक साधी परीक्षा घेता येते. पांढऱ्या कागदावर १ मिलिमीटर रुंदीच्या काळ्या रेघा १ मिलिमीटर अंतराने छापून तो कागद १०० मीटरांवर सकाळच्या स्थिर हवेत लावावा. रेघांची एक जोडी तेथून सुमारे ४ विकलांचा कोन करते. ५० मिलिमीटरच्या चांगल्या दुर्बिणीतून ३० पटीस त्या रेघा जेमतेम सुट्या दिसल्या पाहिजेत. १५ पटीस त्या करड्या ठिगळासारख्या दिसतील, आणि तो दुर्बिणीचा दोष नव्हे. हीच परीक्षा दुपारी पुन्हा केली असता काच तीच, कागद तोच, पण रेघा नाहीशा झालेल्या आढळतील. हवेचा वाटा किती, हे विद्यार्थ्यास यावाचून अधिक चांगले शिकविता येणार नाही.

एकंदरीत मेहरूणसारख्या मध्यम विस्ताराच्या तलावासाठी व ५० ते १०० मीटरांच्या नेमबाजीच्या सरावासाठी ५० ते ६५ मिलिमीटर व्यासाची, २० ते ३० पट विवर्धनाची, चांगल्या काचेची व भक्कम तिपाईवरील दुर्बीण पुरेशी आहे. तापीवरील हतनूर धरणाच्या जलाशयासारख्या विस्तीर्ण पाण्यावर मात्र ८० मिलिमीटरचे वजन सोसणे योग्य ठरेल. १९८७ पासून दर जानेवारीस होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेसारख्या उपक्रमांत मेहरूणच्या काठावरून गेलेला आकडा दूरदूरच्या आकड्यांत मिळविला जातो. एकदा मिळविला की त्यातील चूक वेगळी काढता येत नाही. म्हणून नोंदवहीत पक्ष्याच्या नावाबरोबर अंतर, वेळ, भिंगाचा व्यास व विवर्धन लिहिण्याची सवय असावी. आणि जेथे पट्टा दिसला नाही तेथे ‘चक्रांग किंवा भुवई बदक, मादी, अनिश्चित’ एवढेच लिहावे. डेव्हिडसनच्या काळी कातडे मागे उरत असे आणि त्याची पुन्हा तपासणी होऊ शके. आज बदक उडून जाते व नोंद तेवढी मागे राहते. ती नोंद दुर्बिणीने दाखविले त्याहून अधिक सांगत नसेल, तरच ती विश्वासार्ह होय.